घरातल्या आरतीचे फोटो पिवळे आणि हललेले येतात. कॅमेऱ्यात काय बदलू, एडिटिंगमध्ये काय?

तुम्ही १८-५५ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती), ऑटो मोड आणि जेपीईजी असं लिहिलंय. यातलं पिवळेपण एडिटिंगमध्ये थोडंफार निघेल, हललेला फोटो मात्र गेलाच.

आधी खोलीतला उजेड बघा. पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), निरांजनाची ज्योत २०००च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग, दोघांपैकी एकाशीच जुळतो. ट्यूबला धरलंत तर ज्योतीजवळचे चेहरे हळद फासल्यासारखे, ज्योतीला धरलंत तर मागची भिंत निळी. म्हणून आरतीपुरती ट्यूब बंद, बाजूच्या भिंतीवर उजेड पडेल असा एकच पिवळसर बल्ब चालू, आणि मखराची माळ लुकलुकती न ठेवता स्थिर. समोरून फ्लॅश तर नकोच, मुकुट नुसता चकाकतो.

किट लेन्स ५५वर एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी). ५० एमएम एफ १.८ घेतलीत तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ६४०० लागायचा तिथे ६४० पुरतो. पण जवळून १.८वर डोळे शार्प आणि तबक धरलेला हात धूसर होतो. दोन-तीन माणसं असतील तर २.८ ठेवा. शटर १/१०० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि १/२५० वगैरे ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. मिररलेस असेल तर सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा, पट्टे त्यातच जास्त येतात. १/१००ला टाळ्या वाजवणारे हात थोडे हलतील; हलू द्या, आरतीच आहे ती.

फाइल जेपीईजीऐवजी रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) घ्या. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर पांढऱ्या उपरण्यावर टेकवा, शेवंतीवर नको. मग टेम्परेचर थोडं परत पिवळ्याकडे न्या, नाहीतर आरती दवाखान्यात चालल्यासारखी दिसते. हायलाइट्स (उजळ भाग) -५०, ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा कमी करणारं) २०-३०. त्यापुढे चेहरे मेणाचे होतात.

चेहरे तरीही केशरी वाटले की सगळे ऑरेंजचं सॅच्युरेशन उतरवतात. तिथेच गडबड होते, कारण मूर्तीचा शेंदरी रंगही त्याच स्लायडरमध्ये असतो आणि गणपती फिका पडतो. माणसांवर मास्क लावून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) तेवढंच -१० करा. जास्वंदीचं वेगळंच: एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल आधीच भरलेला, म्हणजे लाल रंग कमाल मर्यादेला पोचलेला असतो आणि पाकळ्यांच्या शिरा परत येत नाहीत. हार मोठा दिसत असेल तर काढतानाच एक्स्पोजर -०.७ ठेवा.