दिवाणखान्यात सांगाडा लावावा का?

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. माझी सून अस्थिरोगतज्ज्ञ आहे. शरीररचनेच्या जुन्या ग्रंथांतील चित्रांच्या छापील प्रती नव्या घराच्या दिवाणखान्यात लावाव्यात, असे तिच्या मनात आहे आणि त्यासाठी तिने इंटरनेटवर सांगाड्यांच्या बारा चित्रांचा एक संचही पसंत केला आहे. चित्रे देखणी आहेत हे मला मान्य आहे. पण घरात सहा वर्षांचा नातू आहे, हळदीकुंकवाला बायका येतात, आणि शेजारच्या काकूंनी तर ‘हाडे घरात नकोत’ म्हणून बजावलेच आहे. सुनेचे मन मोडायचे नाही. अशी चित्रे लावावीत का, आणि लावायची तर कोणती व कोठे?
— एक भगिनी, सातारा

उत्तर : चित्रे जरूर लावावीत, पण बारांचा संच घेऊ नये. एकाच मापाच्या बारा सांगाड्यांनी घराचा दवाखाना होतो, आणि तोही औषध कंपनीने दिलेल्या दिनदर्शिकांनी सजवलेला. दोन किंवा तीनच चित्रे घ्यावीत आणि आलेल्या पाहुण्याने विचारले तर प्रत्येकाविषयी चार वाक्ये सांगता येतील, अशी ती निवडावीत. वास्तुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे, त्यामुळे काकूंच्या आक्षेपाला मी उत्तर देत नाही.

या चित्रांचा विचार करताना बहुतेकांना प्रथम आठवतो तो आंद्रेआस वेसालियस. त्याचा शरीररचनेवरील महाग्रंथ १५४३ साली बाझेल येथे छापला गेला. त्यातील आकृत्या लाकडी ठशांवरून छापलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे टेकड्या, पूल व घरे दिसतात. दगडी चौथऱ्यावरील कवटीवर हात टेकून विचारात पडलेला सांगाडाही याच ग्रंथातला. चित्र म्हणून तो अप्रतिम आहे, तरी दिवाणखान्यासाठी मी तो सुचवणार नाही. अभ्यासिकेत तो शोभेल. हॉलंडमधील लायडनचा शरीररचनाशास्त्रज्ञ अल्बिनस याचा १७४७ सालचा ग्रंथ मात्र नातवालाही आवडेल. त्यातील एका सांगाड्यामागे चित्रकार वांडेलार याने चक्क एक गेंडा चरताना दाखवला आहे. ती क्लारा नावाची मादी. लहानपणीच तिला बंगालमधून जहाजाने हॉलंडला नेले होते आणि पुढे कितीतरी वर्षे ती युरोपभर गावोगाव दाखवली गेली. मुलाचे लक्ष आधी गेंड्याकडे जाईल आणि मग हाडांची भीती उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. तरीही रात्री पाणी प्यायला उठलेल्या मुलाच्या वाटेत, म्हणजे बोळात किंवा जिन्याच्या वळणावर, हे चित्र लावू नये.

आपले पत्र साताऱ्याहून आले आहे, म्हणून खरी शिफारस वेगळीच करतो. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वापरलेले ग्रे यांचे शरीररचनाशास्त्राचे पुस्तक लंडनमध्ये १८५८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर पुस्तक बाहेर पडण्याआधीच मुंबईला निघून आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना शिकवली, पुढे तेथेच ते प्राचार्य झाले, आणि मधली काही वर्षे त्यांनी साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणूनही काढली. कुष्ठरोगावर आणि पावलाला जडणाऱ्या मायसेटोमा या रोगावर त्यांनी येथे मोलाचे संशोधन केले. पुस्तकाच्या विक्रीतला वाटा मात्र त्यांना मिळाला नाही. चित्रांसाठी एकरकमी मोबदला देऊन त्यांची बोळवण झाली. त्यांच्या रेषेत मागे टेकड्या नाहीत, कबरी नाहीत, कसलेही नाट्य नाही. अवयवाचे नाव अवयवावरच, त्याच्या वळणाने लिहिलेले असते, आणि त्यामुळे हाताच्या किंवा पावलाच्या हाडांचे त्यांचे चित्र पाहताना भीती वाटण्याऐवजी नकाशा वाचल्यासारखे वाटते. अस्थिरोगतज्ज्ञाच्या साताऱ्यातील घरात याहून योग्य चित्र मला सुचत नाही.

दुसरे चित्र पुण्याचे. ‘जंटलमन्स मॅगझीन’ या लंडनच्या मासिकाने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका मराठी गाडीवानाचे चित्र छापले होते. इंग्रज सैन्याबरोबर असलेल्या या कावसजीला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. मूळ चित्र पेशव्यांच्या दरबारी व्यक्तिचित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स याचे. हा मजकूर वाचूनच लंडनच्या कार्प्यू या शल्यवैद्याने पुढे १८१४ साली ही शस्त्रक्रिया केली. चित्रात हाडे नाहीत, एक पागोटेधारी माणूस आहे, त्यामुळे हे खुशाल दिवाणखान्यात लावा आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्याची गोष्ट सांगा.

एक गोष्ट सुनेला ठाऊक असेलच. ही शरीरे खऱ्या माणसांची होती, आणि इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्यानंतर ती बहुधा गरीबगृहांत (वर्कहाउसमध्ये) मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या गरिबांची असत. म्हणून कवटीला गॉगल किंवा सांताक्लॉजची टोपी घातलेल्या ज्या प्रती बाजारात मिळतात, त्या मला रुचत नाहीत.

प्रत विकत घेण्याची गरजही नाही. लंडनच्या वेलकम संग्रहाच्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळांवर अशी असंख्य चित्रे उत्तम प्रतीची व विनामूल्य मिळतात. ए-३ कागदावर स्वच्छ छपाई हवी असेल तर फाइल सुमारे ३५०० बाय ५००० पिक्सेलची असावी. कार्टर यांची चित्रे मुळात पुस्तकाच्या पानाएवढी आहेत, ती फार मोठी केल्यास रेषा फाटतात. कागद जुना भासावा म्हणून छपाईवाले पिवळे डाग घालून देऊ पाहतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. साताऱ्याचा पाऊस लक्षात घेऊन फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नये. तिच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी, आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त बोर्डाचा मागावा, नाहीतर पाच-सहा वर्षांत कडा तपकिरी पडतात.

प्रश्न : अठराव्या शतकातील मूळ ताम्रपट-चित्र, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र, म्हणून एक पान मला विक्रीस दाखवण्यात आले. ते खरे आहे की आधुनिक प्रत, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भिंगातून पाहावे. ताम्रपटावरील छपाईत रेषा अखंड असते आणि शाई कागदावर किंचित उठून बसलेली जाणवते. ऑफसेट प्रतीत बारीक ठिपके दिसतात. ताम्रपटाच्या दाबाने चित्राभोवती कागदात चौकोनी खळगा उमटलेला असतो, तो बोटाला लागतो, पण कडा छाटलेल्या असतील तर तो दिसणार नाही. पान अस्सल ठरले, तर त्याच्या एका बाजूला शिवणीची भोके किंवा फाटल्याची खूण आहे का तेही पाहावे. ती असेल तर कोणीतरी चांगला ग्रंथ फोडून पाने विकायला काढली आहेत, आणि अशा वेळी मी तरी ते पान घेणार नाही.