हृदयाचे ठोके ऐकणारा प्राणी

प्रिय दोस्ता,

टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत आणि फासे टाकत खेळायच्या आपल्या खेळासाठी तू रचून पाठवलेला मॉन्स्टर परवा रात्री वाचला. 142 हिट पॉइंट्स (मरेपर्यंत किती मार सोसेल तो आकडा), चांदीच्या शस्त्राखेरीज कशानेही इजा नाही, डोळे नाहीत, आणि तीनशे फुटांवरून हृदयाचे ठोके ऐकू येतात. या शेवटच्या ओळीवर मी थबकलो. बाकीचं कुणीही लिहिलं असतं, ही ओळ मात्र तुझी आहे. आणि दोन पानांनंतर तूच ती विसरलास. खेळाडू गुहेत दगडाआड दडतात आणि प्राणी त्यांच्यापासून दहा फुटांवरून निघून जातो. का जातो? तिथे तुला थरार हवा होता म्हणून. पण श्वास रोखला तरी छाती धडधडतेच, आणि भ्यालेल्या माणसाची तर जास्तच.

आता असं कर. ती ओळ खरी धर आणि तिच्या मागे कुठवर जाता येतं ते बघ. मी जेवढा गेलो तेवढं सांगतो.

हत्तीच्या हृदयाचे मिनिटाला तीसेक ठोके पडतात, उंदराच्या पाचशेहून जास्त. म्हणजे या प्राण्याच्या कानाला उंदीर हा सतत वाजणारा खुळखुळा आहे. तो राहतो त्या रानात उंदीर, चिचुंद्र्या उरणारच नाहीत. उंदीर नाहीत म्हणून घुबडं नाहीत, साप नाहीत. शेजारच्या गावाची धान्याची कोठारं मात्र भरलेली, एका पोत्यालाही भोक नाही. म्हणजे गावातल्या काही लोकांना हा प्राणी मरायला नकोच आहे! तुझ्या पटकथेत गावकरी हात जोडून मदत मागतात. माझ्या डोळ्यांसमोर ते आपसात भांडताना येतात, आणि हे भांडण मला जास्त खरं वाटतं.

थंडीत गाढ झोपलेल्या अस्वलाचे ठोके खूप मंदावतात, त्यामुळे ते या प्राण्याला सापडत नाही. सांगाड्यांना हृदयच नसतं, तेव्हा प्रेतं उठवणाऱ्या एखाद्या मांत्रिकाला पहारा बसवायला याहून चांगली जागा मिळायची नाही. गावाबाहेर कुणीतरी ओढ्यावर पाणचक्कीला जोडून एक ढोल बसवला असेल, रात्रभर दोन-दोन ठोके देणारा, प्राण्याला चकवण्यासाठी. खेळाडू गावात शिरतात तेव्हा त्यांना आधी तो ढोल ऐकू येऊ दे. कारण विचारलं तर कुणी धड सांगू नये. मग एखादी खेळाडू मृतवत पडून राहण्याचा मंत्र काढेल, दुसरा बर्फाच्या पाण्यात उतरायची तयारी दाखवेल, तिसरा ढोलच उचलून न्यायचं म्हणेल. यातलं काही तुला सुचलं नसलं तरी चालेल. ओळ खरी असली की उत्तरं त्यांची त्यांना सापडतात.

चांदी काढून टाक. ठोके ऐकण्याशी तिचा संबंध काय? दुसऱ्या कुठल्या मॉन्स्टरमध्ये पाहिली म्हणून ती इथे आली आहे.

कल्पना विचित्र असण्याला माझी हरकत नाही, हे आधीच सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच खेळ 1974 साली आला आणि त्यातले काही जुने प्राणी, आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टरसकट, त्याच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांच्याकडच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून घडले. ध्यान म्हणून रस्ट मॉन्स्टर अगदी हास्यास्पद आहे. पण त्याची भूक एकच आणि पक्की: लोखंड गंजवायचं आणि तो गंज खायचा. म्हणून कसलेला योद्धा त्याला पाहून चिलखत सांभाळत पळतो आणि लाकडी सोटा घेतलेला पोरगा निवांत उभा राहतो. पुढे मूठभर लोखंडी खिळे फेकले तर तो खायला थांबेल, हे खेळाडूंना कुणी न सांगता सुचतं. जिलेटिनस क्यूबचंही तसंच. दहा फुटी चौकोनी गोळा, कारण नकाशावरचे बोळ दहा फुटी. पण तो बोळ झाडत फिरतो म्हटलं की चकचकीत फरशी हीच धोक्याची खूण ठरते.

आणि बॅसिलिस्क. नजरेने सावजाचा दगड करतो, ठीक. मग खातो काय? खेळाच्या पाचव्या आवृत्तीत याचं उत्तर आहे: खाल्लेला दगड त्याच्या घशात पुन्हा मांस होतो, म्हणून त्या घशातल्या रसापासून दगड झालेल्या माणसाला परत जिवंत करणारं तेल काढता येतं. पोट कसं भरतं एवढ्या एका प्रश्नातून मित्राला सोडवायची वाट निघाली. मला हे फार आवडतं.

एक गोष्ट सांगायची टाळत होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी दलदलीतला एक प्राणी रचला होता. तो मिठाला भितो हे मी ठरवलं होतं आणि सहा सेशन खुणा पेरल्या होत्या: खारवलेल्या मासळीच्या पिंपांना तो शिवत नाही, खाडीच्या बाजूला एकही प्रेत नाही. एक मुलगी सगळं वहीत टिपून ठेवायची. शेवटच्या लढाईला ती मिठाच्या दोन गोण्या घेऊन आली. पहिल्याच फेरीत तिने एक गोणी फोडली आणि मी घाबरलो. सहा आठवड्यांची मेहनत दोन मिनिटांत संपणार असं वाटलं. मी म्हणालो, "काहीच परिणाम होत नाही."

कुणी तक्रार केली नाही. तिने वहीचं पान मागे उलटून एकदा वाचलं, पेन्सिल आत ठेवली आणि वही मिटली. पुढेही ती येत राहिली, फासे टाकत राहिली, पण वही परत उघडली नाही. ते मी भरून काढू शकलो नाही.

मीठ चालू नये असं खरंच वाटत असेल, तर आधी कुठेतरी तो मिठाचा खडक चाटताना दिसायला हवा. लढाई सुरू झाल्यावर नियम बदलायचा नाही. दोन फेऱ्यांत मेला तर मरू दे. ती रात्र खेळाडू वर्षानुवर्षं सांगतील.

"जादू आहे" हे उत्तर चालतं, पण जादूलाही सवयी असतात. हाडांच्या हिशेबात मात्र पडू नकोस. आकार दुप्पट केला तर वजन आठपट होतं आणि हाडाच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ चौपटच, हे गॅलिलिओने 1638 साली मांडलं. तरी ड्रॅगन उडतोच आणि उडावाच. तू एवढंच बघ की ड्रॅगनच्या मुलखातल्या किल्ल्यांना नुसत्या उंच भिंती नसतील, वर छप्परही असेल.

हिट पॉइंट्स सर्वांत शेवटी ठरव. 142 चे 90 झाले तरी काही बिघडत नाही.

पुढच्या खेपेला स्टॅट ब्लॉक, म्हणजे मॉन्स्टरच्या आकड्यांचा तक्ता, पाठवू नकोस. त्या ढोलाचं चामडं पावसात सैल पडत असणार. ते बदलायला रात्री ओढ्यापर्यंत कोण जातं आणि ढोल बंद असतो तेवढ्या वेळात गाव काय करतं, ते एक पान लिहून पाठव.

तुझा,
टेबलाच्या या बाजूचा मित्र