नोकरी जाण्याआधी गृहकर्ज फेडून टाकावं का?

प्रश्न: वय ४३. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत नऊ वर्षं झाली, सध्या डिलिव्हरी मॅनेजर. हातात पगार १ लाख २५ हजार. काही महिन्यांपासून आमच्या मजल्यावरची माणसं एकेक करून कमी होतायत. दोन वर्षं पगारवाढ नाही आणि माझा प्रोजेक्टही संपत आलाय. पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका, पगार २८ हजार. मुलगी नववीत. वडील ७१ वर्षांचे, मधुमेही, कंपनीच्या मेडिक्लेमवर. रावेतच्या फ्लॅटचं ३८ लाख कर्ज बाकी, व्याज ८ टक्के, हप्ता ४१ हजार. घरखर्च ७२ हजार. एफडी ९ लाख, इक्विटी म्युच्युअल फंडात ९ लाख, बचत खात्यात दीड लाख, पीएफ १४ लाख. नोकरी जायच्या आत एफडी आणि फंड मोडून १८ लाख कर्जात भरावेत असं वाटतं. कधी वाटतं, ते काढायच्या आत आपणच राजीनामा द्यावा. घरी अजून काही सांगितलेलं नाही. नाव छापू नका.

उत्तर: १८ लाख कर्जात भरू नका. राजीनामाही देऊ नका.

तुमची भीती मनाचे खेळ आहेत असं मी म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील हेही सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनने ऑफिसातल्या १४ हजार जागा कमी करण्याचं जाहीर केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅनेजरच्या पदावर, प्रोजेक्ट संपत आलेला माणूस काळजीत पडला नाही तरच नवल. पण या काळजीतून तुम्ही शत्रू चुकीचा निवडला आहे. तुम्हाला कर्ज छळत नाही. पगार न येणारा महिना छळणार आहे. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत.

आधी तुमच्या बाजूने हिशेब मांडतो. कर्जावर तुम्ही ८ टक्के भरता. एफडीवर साडेसहा टक्के मिळत असतील तर कर जाऊन पाच-सव्वापाच उरतात. म्हणजे पैसा एफडीत ठेवण्यात वर्षाला जवळपास तीन टक्के तोटा. अठराच्या अठरा लाख एफडीत आहेत असं धरलं तरी हा तोटा पन्नास हजारांच्या आसपास, महिन्याला चार-सव्वाचार हजार. नोकरी पक्की असती तर मीच म्हटलं असतं, भरून टाका. आज मात्र हे सव्वाचार हजार म्हणजे पैसा हाताशी ठेवण्याची किंमत समजा, आणि ती स्वस्त आहे.

आता पगार थांबला असं धरा. घरखर्च ७२ आणि हप्ता ४१ मिळून १ लाख १३ हजार. पत्नीचे २८ वजा जाता महिन्याला ८५ हजारांची तूट. तुमच्याकडचे साडेएकोणीस लाख ही तूट जवळपास २३ महिने भरून काढतात. पीएफला हात न लावता.

आणि १८ लाख भरल्यावर? इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मुद्दलात मोठी रक्कम भरली की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. तुमचं बारा वर्षांचं कर्ज पाच वर्षांवर येईल, पण पुढच्या महिन्यात ४१ हजारच कापले जातील. तूट तीच ८५ हजार, हातात दीड लाख. दोन महिनेसुद्धा निघणार नाहीत. लेखी अर्ज करून हप्ता कमी करून घेतलात तर तो साडेएकवीस हजारांवर येईल आणि तूट ६५-६६ हजार होईल; दीड लाखात दोन महिने आणि वर काही दिवस. मग त्याच बँकेत टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागायला गेलात तर ती पहिल्यांदा तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागेल. कर्जात गेलेला पैसा बेकाराच्या हाती परत येत नाही.

हप्ता कमी करायचाच असेल तर पैसे न भरता करता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचं व्याजही त्यासोबत उतरलं असणार, पण हप्ता तसाच राहून मुदत घटली असणार. व्याजदर बदलताना हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्यावा असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. तो वापरा. मुदत पूर्वीइतकी म्हणजे साधारण साडेतेरा वर्षं करून घेतली तर हप्ता ३८,३०० च्या आसपास येतो. बँक सोळा वर्षांना तयार झाली तर ३५ हजारांच्या थोडा वर. कर्ज जुन्या एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दरावर) अडकलं असेल तर याच फेरीत रेपोशी जोडलेल्या दरावर हलवा. हा अर्ज याच आठवड्यात, नोकरी असताना.

दुसरा मार्ग ओव्हरड्राफ्ट गृहकर्जाचा. त्या खात्यात जेवढी रक्कम ठेवाल तेवढ्यावरचं कर्जाचं व्याज वाचतं आणि लागेल तेव्हा पैसा काढता येतो. दर किंचित जास्त असतो, बदलून घ्यायला फी लागते, आणि बँक तयार होते ती पगार चालू असतानाच. सगळी पुंजी मात्र यात ठेवू नका. हप्ते थकले तर याच बँकेशी वाद घालायचा आहे आणि पैसाही तिच्याच ताब्यात, अशी वेळ नको. तीन-चार लाख पुरे.

फंडांकडे वळू. इक्विटीतले ९ लाख अडीअडचणीचा पैसा नाही. मोठी कपात आणि बाजाराची पडझड पुष्कळदा हातात हात घालून येतात. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता आणि मार्च २००९ मध्ये आठ हजारांच्या घरात. नोकऱ्याही त्याच काळात गेल्या. म्हणून यातले चार लाख आताच लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पटकन पैसा काढता येणारा फंड) किंवा छोट्या-छोट्या एफडीत आणा. वर्षभरापेक्षा जुन्या इक्विटी युनिट्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. तेव्हा नफा बघून काढा. उरलेले पाच लाख राहू द्या. एसआयपी चालू असेल तर सहा महिने ती रक्कमही लिक्विडमध्ये वळवा. एसआयपी थांबवणं म्हणजे पाप, असा एक समज पसरवला गेलाय. तो पगार चालू असणाऱ्यांसाठी ठीक आहे.

पीएफ ही शेवटची फळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने असं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी, उरलेली २५ टक्के मात्र बारा महिन्यांनी. आधी ही वाट दोन महिन्यांची होती. म्हणजे सगळे १४ लाख एकदम हाती येतील असं धरू नका. आज एवढंच बघा की यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडलेला मोबाइल आणि बँक खातं तुमचं स्वतःचं आहे ना, आणि केवायसी पूर्ण आहे ना. कंपनीचा ईमेल कुठे दिला असेल तर तोही बदला.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकला तो वडिलांचा मेडिक्लेम. कंपनीची पॉलिसी साधारण शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते. ७१ वर्षांच्या मधुमेही माणसाची एक आठवड्याची हॉस्पिटलची वारी तुमचे चार-सहा महिने खाऊन टाकेल. नवी पॉलिसी घेण्यासाठीची वयाची ६५ ची अट २०२४ मध्ये रद्द झाली, आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा खर्च मिळायला थांबावं लागतं तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. वडिलांची वेगळी पॉलिसी आणि तुम्हा तिघांची वेगळी, अशा दोन घ्या. मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा, एजंट ‘गरज नाही’ म्हणाला तरी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि झालेला प्रतीक्षाकाळ धरला जातो का, हेही विचारा. टर्म इन्शुरन्स नसेल तर तोही आत्ताच, कारण उत्पन्नाचा पुरावा तिथेही लागतो.

राजीनाम्याबद्दल. दोन वर्षं पगारवाढ नाही, वरून ही टांगती तलवार, राग येणारच. पण तो राग फुकट जाऊ देऊ नका. नऊ वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुम्ही राजीनामा दिलात तरी आणि कंपनीने काढलं तरी मिळेल. बेसिक ५५ हजार असेल तर साधारण २ लाख ८५ हजार. स्वतःहून गेलात तर कपातीत कंपनी देऊ करेल ती भरपाई मात्र बुडते. तुमच्यासारख्याला तीन-चार पगार मिळाले तर चार-पाच लाख होतात. एचआरने खोलीत बोलावून ‘स्वेच्छेने राजीनामा’ टाइप करायला सांगितलं तर तिथल्या तिथे काही पाठवू नका. ‘अटी मेलवर द्या, वाचून कळवतो,’ एवढंच म्हणा. मेलमध्ये नोटीस पीरियडचा पगार, भरपाईची रक्कम, रजेचे पैसे, मेडिक्लेम कधीपर्यंत आणि रिलिव्हिंग लेटरमध्ये काय लिहिणार, हे सगळं हवं. नव्या वेतन संहितेनुसार हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, तरी महिना-दीड महिना धरूनच चाला. ही भरपाई आली की तीही कर्जात भरण्याचा मोह होईल. नव्या नोकरीत प्रोबेशन संपेपर्यंत नाही.

घरी सांगा. हे मी आर्थिक सल्ला म्हणूनच सांगतोय. ७२ हजारांतले दहा-बारा हजार कुठे कमी होतील हे तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीला जास्त ठाऊक असणार, आणि तिला न सांगता ते कमी होणार नाहीत. मुलीच्या दहावीनंतरच्या क्लासवाले आतापासून दोन वर्षांची फी एकरकमी भरली तर सवलत देतो म्हणतील. ती घेऊ नका, हप्त्यांनीच भरा. बँकेच्या ॲपवर झळकणारं प्री-अप्रूव्हड पर्सनल लोनही नको.

आणि समजा, पुंजी संपत आली तरी नोकरी मिळाली नाही, तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं; त्याच्या आधी मुदत वाढवणं, हप्ता काही काळ कमी करणं यावर बोलता येतं. तेव्हा फ्लॅट विकण्याचा पर्यायही टेबलावर ठेवावा लागेल, पण तो विषय आज काढायचं कारण नाही.

बँकेने हप्त्याबद्दल काय कळवलं ते मला पाठवा, सोबत फंडांचं स्टेटमेंटही. नेमके कोणते युनिट विकायचे आणि ओव्हरड्राफ्टमध्ये किती ठेवायचं, ते त्यावरून ठरवू.