तुमचे प्रश्न: ज्यांच्या नावापुढे टिक नसते

प्रश्न: ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे, अजून एकदाही मतदान केलेलं नाही आणि त्याची लाज वगैरे वाटत नाही हे आधीच सांगते. लाखो लोक मत देतात, त्यात माझं एक असलं काय नि नसलं काय, निकाल जो लागायचा तोच लागणार ना? घरी दरवेळी यावरून वाजतं. आई म्हणते कर्तव्य आहे, भाऊ म्हणतो एका मताने सरकारं पडलीयत. मला दोन्ही पटत नाही. माझ्या हिशोबात काय चुकतंय तेवढं सांगा, लेक्चर नको.

उत्तर: नाही देत लेक्चर. आणि हिशोब म्हणशील तर तो तुझा बराचसा बरोबरच आहे. अमेरिकेच्या २००८ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीचं गणित अँड्र्यू गेलमन या संख्याशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबतच्या दोघांनी मांडलं होतं, एका मतदारामुळे अख्खा निकाल फिरण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक निघाली. म्हणजे नाहीच म्हण ना.

भावाला सांग, एका मताने सरकार पडलं ते १७ एप्रिल १९९९ ला, वाजपेयींचं, २६९ विरुद्ध २७०. पण ती मतं खासदारांची होती, रांगेत उभ्या राहिलेल्या मतदारांची नाही. दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. त्याला खरंच उदाहरण हवं असेल तर राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी ६२,२१५ मतं घेऊन हरले आणि समोरच्याला होती ६२,२१६. जोशी तेव्हा पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रिपदासाठी नाव चर्चेत, आणि आमदारकीच गेली.

याहून भारी किस्सा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा आहे. २०१७ मध्ये तिथल्या विधानसभेच्या एका जागेची फेरमोजणी झाली, शेली सिमंड्स एका मताने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी एक वादातली मतपत्रिका न्यायाधीशांसमोर आली. मतदाराने दोन्ही उमेदवारांपुढचे गोल रंगवलेले आणि मग सिमंड्सच्या गोलावर एक रेघ ओढलेली. ते मत समोरच्या डेव्हिड यान्सींना धरलं गेलं आणि झाले ११,६०८ - ११,६०८. मग काय, दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांत घालून चिनीमातीच्या एका वाडग्यात टाकल्या, त्यातून एक डबी उचलली, यान्सींचं नाव निघालं, आणि सभागृहातलं बहुमत ५१-४९ असं त्यांच्या पक्षाकडे राहिलं. अख्ख्या राज्याचं बहुमत एका रेघेवर! घाईघाईत ओढली असेल बिचाऱ्याने.

पण असे किस्से ऐकून मत द्यायला जाणं म्हणजे लॉटरीच्या भरवशावर घर चालवणं, तू त्याला भुलू नकोस. माझं म्हणणं वेगळं आहे. निकाल कोण ठरवतं हा अर्धाच प्रश्न झाला, उरलेला अर्धा असा की निवडून आलेला माणूस पुढची पाच वर्षं कुणाला घाबरतो.

कॉलेजात असताना मी एकदा एका उमेदवाराच्या टेबलावर बसले होते, बूथपासून लांब, यादी आणि पट्टी घेऊन. लोक यायचे, आम्ही नाव शोधून चिठ्ठी लिहून द्यायचो आणि यादीत त्या नावापुढे टिक करायचो. दुपारी दोनच्या सुमाराला एक कार्यकर्ता आला, माझ्या खांद्यावरून वाकून पानं उलटायला लागला, आणि एका पानावर थांबून म्हणाला, हे सोडा, हे कधी येत नाहीत, पुढच्या पानावरचे आणा. त्या पानावर माझ्याच वयाची पोरं जास्त होती. तो काही वाईट माणूस नव्हता हां, त्याच्याकडे दोन मोटारसायकली आणि तीन तास होते, तो ते वाया कशाला घालवेल? पण ते पान सोडलं गेलं ते माझ्या डोळ्यांसमोर, आणि मला खात्री आहे की जाहीरनामा लिहितानाही ते कुठेतरी असंच सोडलेलं असणार. कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, दिलं की नाही हे तितकंसं गुप्त नसतं. ब्रिटनमध्ये तर कुणी मत दिलं त्याची खुणा केलेली यादी पक्षांना नंतर रीतसर विकत मिळते.

आता याने खरंच फरक पडतो का, तर याचे पुरावे आहेत. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी मिळाला आणि मग १९२० मध्ये देशभर. ग्रँट मिलर नावाच्या अभ्यासकाने ती सगळी वर्षं ताडून पाहिली तर हक्क मिळाल्यावर साधारण वर्षभरात आमदारांची सभागृहातली मतं बदलायला लागली, सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला आणि बालमृत्यू ८ ते १५ टक्क्यांनी कमी झाले. यातल्या कुठल्याही एका बाईच्या मताने कुठलाही निकाल फिरलेला असायची गरज नाही बघ. १९२१ मध्ये आया आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यासाठी शेपर्ड-टाउनर कायदा झाला तोही याच धाकाने, की आता या बायका एकगठ्ठा मतं देणार. पुढच्या काही वर्षांत नेत्यांच्या लक्षात आलं की तसं काही होत नाहीये, आणि १९२९ ला त्या योजनेचा पैसा बंद. मला यातला हा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, लोक नेहमी पहिला सांगतात आणि हा गाळतात.

दुसरं ब्राझीलचं. तिथे आधी कागदावर उमेदवाराचं नाव नाहीतर नंबर स्वतः लिहावा लागायचा, त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्यांची ढीगभर मतं बाद व्हायची. १९९८ मध्ये ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या गावांना मशीन मिळालं, नंबर दाबला की उमेदवाराचा फोटो दिसायचा, बाकीची गावं कागदावरच राहिली, म्हणजे तुलना करायला आयतीच सोय. थॉमस फुजिवारा या अर्थतज्ज्ञाने ती केली. मशीनमुळे गरिबांची मतं मोजली जायला लागली, मग आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या गरोदर बायका तपासणीला जास्त वेळा जायला लागल्या आणि कमी वजनाची बाळं जन्मण्याचं प्रमाण घटलं. हीच माणसं आधीही रांगेत उभी राहत होती, फक्त त्यांचं मत मोजणीत येत नव्हतं. आणि तू तर तिथपर्यंत जातच नाहीयेस.

तर आईचं कर्तव्य बाजूला ठेव, भावाचं एक मतही ठेव. तुझ्या वयाच्या लोकांचं पान कुणी सोडू नये असं वाटत असेल तर त्या पानावर टिकच्या खुणा दिसाव्या लागतात, आणि तुझी टिक तुझ्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही (निदान करू नये!). एवढं वाचूनही नाही गेलीस तरी मी काही रागावणार नाही, फक्त मग "आमच्यासाठी कुणी काही करत नाही" हे मला लिहून पाठवू नकोस.

प्रश्न: माझा उमेदवार दरवेळी पडतो. माझं मत फुकटच गेलं ना?

उत्तर: तो किती मतांनी पडतो ते सांगितलं नाहीत तुम्ही, सगळं त्यावरच आहे. चाळीस हजारांनी पडणारा पाच हजारांवर आला की जिंकणाऱ्याची झोप उडते, तिकिटं बदलतात, पडणाऱ्याला पुढच्या वेळी पैसा आणि माणसं मिळतात. वर सांगितलेल्या सिमंड्स चिठ्ठीवर हरल्या आणि २०१९ मध्ये त्याच यान्सींना पाडून निवडून आल्या. पण तुमचा उमेदवार प्रत्येक वेळी डिपॉझिट घालवत असेल तर मग मात्र मताचा नाही, उमेदवाराचा विचार करा, आणि छोट्या निवडणुकांकडे बघा, तिथे मतदार कमी असल्यामुळे एकेक मत जास्त जड असतं आणि नेमकं तिथेच फार कमी लोक फिरकतात.

प्रश्न: सगळेच उमेदवार नालायक असतील तर? नोटा दाबून काही होतं का?

उत्तर: राग नोंदवला जातो, बाकी फारसं काही नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर नोटाचं बटण आलं, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. कोलंबियात मात्र कोऱ्या मताला खरंच दात आहेत. निम्म्याहून जास्त मतं कोरी पडली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते आणि आधीचे उमेदवार चालत नाहीत. २०११ मध्ये तिथल्या बेयो शहरात महापौरपदाला एकच उमेदवार उरला होता, सगळ्यांनी धरून चाललं होतं की हा बसला खुर्चीवर. तो कोऱ्या कागदाकडून हरला.