केमोनंतर पाळी बंद आहे, मग टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वहिनी ४३ वर्षांच्या, स्तनाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं, ईआर ८/८, टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज चालू. केमोपासून पाळी बंद. शेजारच्या काकूंना लेट्रोझोल आहे, ती 'जास्त पॉवरची' म्हणून बदलून घ्यावी का? शिवाय वहिनींच्या धाकट्या बहिणीने आधीच गोळी सुरू करावी का?

पाळी बंद आहे एवढ्यावर बदलू नका.

ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ८/८ म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारी होती. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशीतली इस्ट्रोजेनची जागा स्वतःच अडवते. इस्ट्रोजेन शरीरात कुठे तयार झालं याने फरक पडत नाही. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या चरबीत वगैरे तयार होणारं इस्ट्रोजेन थांबवतात. पाळी वयाने गेल्यावर तेवढंच उरतं, म्हणून काकूंना ती गोळी लागू पडते आणि त्या वयात ती थोडी सरसही आहे. पण अंडाशय चालू असेल तर उलटंच होतं. इस्ट्रोजेन घटलेलं दिसलं की मेंदू अंडाशयाला आणखी डिवचतो. वंध्यत्वावर हीच लेट्रोझोल बीज वाढावं म्हणून देतात, ते याच कारणाने. केमोने थंडावलेलं अंडाशय या वयात काही महिन्यांनी पुन्हा सुरू होऊ शकतं, आणि पाळी दिसायच्या आत दिवसही राहू शकतात. हार्मोनचा एखादा रिपोर्ट 'मेनोपॉज' दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नये.

लेट्रोझोलसारखी गोळी द्यायचीच तर अंडाशय बंद ठेवावं लागतं: गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली, तारीख न चुकवता. नाहीतर अंडाशय काढून टाकणं. काखेतल्या गाठींत आजार होता, केमो लागली, अशांना याचा फायदा होऊ शकतो. 'आमच्या केसमध्ये अंडाशय बंद करण्याची गरज आहे का?' हा प्रश्न ऑन्कोलॉजिस्टना जरूर विचारा. तो 'गोळी बदलून द्या' यापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

टॅमॉक्सिफेनला कमी लेखू नका. ईआर पॉझिटिव्ह आजारात ५ वर्षं घेतल्यास त्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, पुढच्या १०-१५ वर्षांत मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, दुसऱ्या स्तनालाही संरक्षण मिळतं. हे सगळं गोळी पोटात गेली तर. अंगातून वाफा येतात म्हणून परस्पर बंद करणं, हा यातला सगळ्यात मोठा घोटाळा. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, औषध शरीरात बरेच दिवस राहतं. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या मात्र घेऊ नका.

वाफांवर किंवा उदास वाटतं म्हणून कुणी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिली तर 'टॅमॉक्सिफेन चालू आहे' हे आवर्जून सांगा. यकृतात टॅमॉक्सिफेनचं जे खरं कामाचं रूप बनतं, ते या गोळ्या अडवतात. व्हेनलाफॅक्सिन त्या मानाने चालते. भाजीतली हळद बिनधास्त खा; मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्याने रक्तातलं औषध घटू शकतं.

एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप लागणं: त्याच दिवशी दवाखाना, रक्ताची गुठळी असू शकते. बराच काळ बंद असताना अचानक रक्तस्राव झाला तर 'पाळी आली असेल' म्हणून सोडू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तक्रार काहीच नसेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीचा सोस नको. टॅमॉक्सिफेनने गर्भाशयाचं अस्तर बऱ्याचदा जाड दिसतं आणि मग विनाकारण क्युरेटिंग मागे लागतं. पाळी नसली तरी गर्भनिरोधन हवं, तेही हार्मोनविरहित: कॉपर टी किंवा कंडोम. गर्भाला ही गोळी घातक आहे.

आता बहीण. जास्त जोखमीच्या स्त्रियांमध्ये प्रतिबंध म्हणून टॅमॉक्सिफेनने कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्मं झाल्याचं अमेरिकेतल्या १९९८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं, पण घट फक्त ईआर पॉझिटिव्ह प्रकारात होती. नुसतं 'बहिणीला झाला' एवढ्यावर गोळी सुरू करत नाहीत. वहिनींना पन्नाशीच्या आत झालाय, तेव्हा बीआरसीए (घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाची) तपासणी आधी वहिनींचीच करून घ्या. त्यांच्यात दोष सापडला तर बहिणीची तेवढीच नेमकी, कमी खर्चाची तपासणी होते, आणि गोळी, एमआरआय की आणखी काही, हे त्या रिपोर्टवर ठरतं.