कर्लिंग हा खेळ नेमका कसा खेळतात? सोलापुरात राहून तो समजून घेता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे की हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बर्फावर दगड सरकवतात आणि दोघं त्याच्यापुढे ब्रश घासत पळतात, त्या खेळात जिंकायचं कसं असतं, आणि सोलापूरसारख्या गावात बसून तो शिकायचा काही मार्ग आहे का. मीही सोलापूरचाच. कर्लिंगचे सामने बरीच वर्षं फोनवर बघतोय आणि घरातल्या पोरांनाही त्याचा नाद लावलाय. त्यामुळे नवा माणूस कुठे अडतो हे मला चांगलं माहीत आहे.

तो अडतो ब्रशपाशी. सगळं लक्ष त्या घासण्याकडे जातं आणि गुण कुठून आले तेच कळत नाही. ब्रशचं नंतर बघू. आधी एकाच गोष्टीवर नजर ठेवा: या डावातला शेवटचा दगड कोणाचा आहे? एवढं धरलंत की बाकीचा खेळ आपोआप उलगडत जातो.

मैदान म्हणजे साधारण ४५ मीटर लांब आणि जेमतेम ५ मीटर रुंद बर्फाची पट्टी. दोन्ही टोकांना एकात एक गोल रंगवलेले असतात. सगळ्यात बाहेरचा गोल १२ फूट व्यासाचा. या गोलांना मिळून हाऊस म्हणतात आणि मधल्या छोट्या गोलाला बटन. एका संघात चौघं, प्रत्येकाला दोन दगड. आळीपाळीने टाकत दोन्ही संघांचे मिळून १६ दगड झाले की एक डाव, म्हणजे एक एंड, संपतो. मग हाऊसमध्ये असलेल्या दगडांपैकी बटनाच्या मध्याला सर्वांत जवळ कोणाचा दगड आहे ते बघायचं. गुण फक्त त्याच संघाला, दुसऱ्याला शून्य. गुण किती, तर समोरच्याचा सर्वांत जवळचा दगड जिथे असेल त्याच्या आत आपले जितके दगड तितके. समजा मध्याला लागून दोन लाल आहेत, मग एक पिवळा, आणि त्याच्या बाहेर आणखी तीन लाल. लाल संघाला दोनच गुण. बाहेरचे तीन लाल मोजायचेच नाहीत, तो एक पिवळा त्यांच्या आड आलाय. चौघांच्या सामन्यात ऑलिम्पिकला असे १० एंड होतात.

आता शेवटच्या दगडाकडे येऊ. सोळावा दगड ज्यांचा, त्यांच्याकडे हॅमर आहे असं म्हणतात. ज्यांना गुण मिळाले त्यांना पुढच्या एंडला आधी टाकावं लागतं, म्हणजे हॅमर समोरच्यांकडे जातो. कोणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर आहे तिथेच राहतो. या दोन ओळींतच कर्लिंगचा सगळा हिशेब आहे. हॅमर हातात असताना एक गुण घेऊन तो सोडून देणं परवडत नाही, निदान दोन तरी हवेत. म्हणून एकच गुण पदरात पडणार असं दिसलं की स्किप, म्हणजे कप्तान, पुष्कळदा शेवटचा दगड मुद्दाम हाऊसच्या पार घालवतो आणि एंड कोरा सोडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, नेम चुकला. खरं तर तो दोन गुणांची संधी पुढच्या एंडसाठी राखून ठेवत असतो. समोरच्यांची धडपड याच्या उलट: यांना एकावर भागवायला लावायचं, आणि साधलं तर हॅमर नसताना गुण चोरायचा. (मिश्र दुहेरीत कोरा एंड सोडला तर हॅमर जातो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.)

त्यासाठीच हाऊसच्या पुढे मोकळ्या जागेत दगड उभे करतात, त्यांना गार्ड म्हणतात. त्यांच्या आडोशाने मागून दुसरा दगड वळवून आणायचा. एंडचे पहिले पाच दगड होईपर्यंत समोरच्याचा असा गार्ड खेळाबाहेर उडवायला बंदी आहे. ही बंदी आधी चार दगडांपर्यंत होती, २०१८ च्या हंगामापासून पाच झाली. ही मोठी चांगली सुधारणा झाली असं मला वाटतं. बंदी नसती तर पुढे असलेला संघ दिसेल तो दगड उडवत बसला असता.

शेवटच्या दगडाची ताकद बघायची असेल तर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकची पुरुषांची अंतिम लढत शोधून बघा. अमेरिकेचा स्किप जॉन शुस्टर, स्वीडनचा निकलास एडिन. अमेरिकेने पहिल्या सहापैकी चार सामने हरले होते, त्यांच्यावर कोणी पैज लावली नसती. अंतिम सामन्यात सात एंडनंतर ५-५. आठव्या एंडला हॅमर अमेरिकेकडे होता. शुस्टरने शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड एका फटक्यात उडवले आणि एकदम पाच गुण घेतले. सामना १०-७ असा संपला. कर्लिंगमधलं अमेरिकेचं ते पहिलं सुवर्णपदक. तो एक दगड मी कितीही वेळा बघितला तरी कंटाळत नाही.

आता दगड आणि बर्फ. दगड १८-१९ किलोचा, नियमाने फार तर १९.९६ किलो. ऑलिम्पिकचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या निर्जन बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. खेळही स्कॉटलंडचाच. तिथल्या डनब्लेन गावच्या तळ्यात १५११ साल कोरलेला दगड सापडलाय. एल्सा क्रेगच्या एका जातीच्या ग्रॅनाइटमध्ये पाणी जवळजवळ मुरतच नाही, त्यामुळे बर्फावर घासूनही त्याचे कण सुटत नाहीत. दगडाचा तळ खोलगट असतो आणि बर्फाला टेकते फक्त एक अरुंद कडी. बर्फही गुळगुळीत नसतो. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून पुरळासारखे उंचवटे होतात आणि दगड त्या उंचवट्यांवरून सरकतो. ब्रश घासला की त्यांचा वरचा थर किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि वळतोही कमी. चांगले घासणारे दगड दोन-तीन मीटर तरी पुढे नेतात. २०१५-१६ च्या हंगामात ब्रशच्या कापडावरून मोठा वाद झाला होता. काही कापडांनी दगड हवा तसा वळवता येऊ लागला, म्हणून जागतिक संघटनेने कोणतं कापड वापरायचं तेच ठरवून दिलं.

दगड सोडताना त्याच्यावरच्या मुठीला हलका पीळ देतात. वीस-पंचवीस सेकंदांच्या वाटेत तो जेमतेम दोन-चार वेळा फिरतो, पण मीटरभर बाजूला वळतो. कुठल्या बाजूला? हे घरी करून बघा. स्टीलचा पेला ओट्यावर पालथा घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे ढकला. तो डावीकडे जाईल. बर्फावरचा दगड तसाच फिरवला तर उजवीकडे जातो. हे असं का होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काही म्हणतात दगडाचा पुढचा भाग बर्फ थोडा वितळवतो, काही म्हणतात तो बर्फावर बारीक ओरखडे काढतो आणि मागचा भाग त्यांच्यावरून वळतो.

सामना बघताना आरडाओरडा ऐकू येईल, तो रागाचा नसतो. दिशा नीट दिसते समोर उभ्या असलेल्या स्किपला, वेग नीट कळतो दगडासोबत धावणाऱ्या दोघांना. दोघांकडची माहिती काही सेकंदांत जुळवायची तर ओरडावंच लागतं. आणि एक गोष्ट मला या खेळात फार आवडते: चालत्या दगडाला कोणाचा ब्रश चुकून लागला तर त्याने स्वतःच सांगायचं असतं. सामना हातचा गेला असं वाटलं तर शेवटपर्यंत ताणत नाहीत, हात मिळवून मोकळे होतात.

राहिला सोलापूरचा प्रश्न. आपल्याकडे बर्फाचं मैदान नाही, पण बर्फाशिवायही हा खेळ खेळतात. चाकं लावलेले दगड शाळेच्या हॉलमध्ये सरकवतात, त्याला फ्लोअर कर्लिंग म्हणतात. घरच्या घरी आम्ही जे करतो ते आणखी सोपं आहे. मे महिन्यात दुपारी ऊन मी म्हणत असतं, तेव्हा पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. हॉलमधल्या टाइल्सवर खडूने एक फूट व्यासाचा गोल काढतो. मध्यापासून पावणेदोन फूट अलीकडे एक रेघ, सोंगटी तिच्या पुढे आलीच पाहिजे, नाहीतर उचलायची. मध्यापासून अर्धा फूट पलीकडे दुसरी रेघ, तिच्या पार गेली तरी बाद. टाकायचं पावणेआठ फुटांवरून. ही सगळी मापं खऱ्या मैदानाच्या बाराव्या हिश्शाची आहेत. दगड म्हणून कॅरमच्या आठ काळ्या, आठ पांढऱ्या सोंगट्या आणि वर चिमूटभर बोरिक पावडर. राणी बाजूला ठेवा. गुण पाटीवर लिहा आणि हॅमर कोणाकडे आहे यासाठी वेगळा रकाना आखा. सुरुवातीला पोरं मिळेल तो गुण घेत सुटतात, मग त्या रकान्याकडे बघायला लागतात, आणि थोड्या वेळाने त्यांच्यातलंच एखादं शेवटची सोंगटी मुद्दाम पार घालवतं.