‘आमच्यामागे याचं कसं होणार?’

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आईवडील साठीकडे झुकले की माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. मूल लहान असतं तोवर शाळा, थेरपी, दाखले यांत वर्षं सरतात. वडील निवृत्त झाले किंवा आईचं एखादं ऑपरेशन झालं की मग हा प्रश्न घरात मुक्कामच ठोकतो. अशा अनेक घरांतले तपशील एकत्र करून इथे एक कुटुंब मांडते आहे.

वडील निवृत्त शिक्षक. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. मुलगा २६ वर्षांचा, फिट्सच्या गोळ्या चालू. वडिलांनी सगळं ठरवून टाकलं होतं: मुलगा आत्याकडे राहील, फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करायचा, ठेवींवर मुलीचं नॉमिनेशन. तरीही आईचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस खोलीत असलाच पाहिजे, यावर मी ठाम असते. “त्याला काय कळणार?” वडील म्हणाले. तरी सगळे आले. मी मुलालाच विचारलं,

“आईबाबा गावाला गेले तर तू कुणाकडे राहशील?”

“ताईकडे.”

“आणि आत्याकडे?”

“नको. कुत्रा आहे. रात्री भुंकतो.”

आई एकदम म्हणाली, “म्हणून तिकडून आलास की दोन-दोन दिवस जेवत नाहीस?” त्याने मान हलवली.

वडील बराच वेळ गप्प होते. मग मुलीकडे वळले. “तुला जमेल?”

“जमेल, बाबा. पण त्याला फिट आली तर काय करायचं हेसुद्धा मला माहीत नाही. आणि पैशाचा हिशेब माझ्या एकटीच्या गळ्यात नको. उद्या सासरी कुणी बोट दाखवलं तर मी काय सांगू?”

कित्येक बैठकांत सुटलं नव्हतं ते या दोन उत्तरांनी मोकळं केलं. या चिंतेत चार प्रश्न गुंतलेले असतात: राहणं कुणाबरोबर, सही कुणाची, पैसा कुणाच्या हाती आणि दिवस कसा जाणार. चारही एकाच नातेवाइकावर टाकले की तो दबतो, मग नातं तुटतं. चार उत्तरांना चार माणसं चालतात. हे पटलं त्या रात्री आई शांत झोपली, असं तिने पुढच्या वेळी आपणहून सांगितलं.

आता सहीचं. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आईवडीलही आपोआप त्याचे पालक, म्हणजे त्याच्या वतीने सही करू शकणारे, राहत नाहीत, हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. पालक संघटनांनी लावून धरलं म्हणून १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा आला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी पालकत्व जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते. तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज ‘नमुना अ’मध्ये करायचा, सोबत दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा आणि होणाऱ्या पालकाची संमती जोडायची. स्किझोफ्रेनियासारखे मानसिक आजार या कायद्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम १४ आहे. त्यातलं मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक काळापुरतं असतं, आणि निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच घ्यायचा असतो. मला हे कलम फार मोलाचं वाटतं, कारण ‘त्याला काय कळणार’ या वाक्याला ते कायद्यानेच उत्तर देतं.

नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत स्थावर-जंगम मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची. मग दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हेळसांड किंवा गैरवापर झाला तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला हटवण्याची मागणी करू शकते. हे ऐकून मुलगी सैलावली. हिशेब समितीकडे जाणार म्हटल्यावर बोट दाखवायला जागा उरत नाही.

पैशांत चुका ठरलेल्या. बक्षीसपत्र केलं की हयातीतच आपलं छप्पर हातचं जातं, आणि फ्लॅट विकायची वेळ आली की सहीपाशी गाडं अडतं. नॉमिनी मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. या कुटुंबाने मृत्युपत्र आणि मुलासाठी खासगी ट्रस्ट असा मार्ग धरला. विश्वस्त म्हणून मामा आणि एक विश्वासू मित्र, पालक म्हणून ताई. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ते आपल्याहून तरुण आणि मालमत्तेत वाटा नसलेले निवडावेत. वडिलांना पेन्शन असेल तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला वयाची मर्यादा उलटल्यावरही कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं. मात्र नाव आणि वैद्यकीय दाखला वडिलांनी स्वतः कार्यालयात नोंदवून ठेवावा. नंतर त्याच कागदांसाठी भावंडांना हेलपाटे पडतात.

राहिला दिवस. आईने एक वही केली: गोळ्यांची नावं आणि वेळा, फिट आल्यावर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना, वरण पातळ लागतं, दिवा पूर्ण बंद केलेला चालत नाही. वही घेऊन तो ताईकडे आधी एक रात्र राहिला, मग शनिवार-रविवार. पहिल्या खेपेला सकाळची गोळी राहिली, तेव्हा ताईने वहीत खुणेचा रकाना आखला. हा सराव आईवडील हातीपायी धड असतानाच सुरू करावा, म्हणजे काही चुकलं तर विचारायला आई फोनवर असते.